डाव्या हातानं सरकी

आमी व्हीआरच्या खेळासाठी हातात धरायचे रिमोट बनवतो. चष्मा लावला की समोर वावर दिसतं, डाव्या रिमोटचं बटन दाबलं की सरकी, म्हंजी कापसाचं बी, पडते. मी सायबाला म्हणलं, पेरायचं बटन उजव्यात द्या. तसा रिमोटचा मातीचा नमुनाबी केला. तो पास झाला असता तर माझी नोकरी पक्की होती. साहेब पुण्याचा. म्हणला, "उजव्या अंगठ्यावर ताण येतो, शास्त्र आहे ते." नमुना गेला टेबलाखाली!

मग सेलूला माझ्या काकूकडं चाचणी. काकूनं चष्मा लावला अन् डावा रिमोट गपकन खाली ठेवला.

"डाव्या हातानं बी टाकू? माझं वावर हाय, दुष्मनाचं न्हाई."

साहेब म्हणला, "काकू, शेत खोटं आहे हो."

"मग खोटं बी उजव्यानंच टाकते की! तुमचं काय जायलंय?"

सायबाचं तोंड लय बघण्यासारखं झालतं!

सोमवारी मीटिंगमधी त्यानं माझाच नमुना टेबलावर ठेवला, खाली स्वतःचं नाव. म्हणला, "गावात फिरल्याशिवाय असं सुचत नाही." समदे टाळ्या वाजवायलेत. हा गावात फिरला कुठं? काकूच्या ओसरीत बसून चहा पिला, तोबी डाव्या हातानं!