चालू ॲम्प्लिफायरचा भाव

बाबांनी मागं ठेवलेल्या वस्तूंत एकच अशी आहे, जी उचलायला दोन माणसं लागतात.

ते परवा सकाळी गेले. शेत नव्हतं. प्लॉट नव्हता. बेस गिटारचा एक जुना ॲम्प्लिफायर आहे. त्याबद्दल लिहिते.

बाबा यवतमाळजवळ लोहाऱ्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. आणि आमच्या वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवायचे.

वाजवायचे म्हणजे बोटं हलायची. ऐकू कोणालाच यायचं नाही.

साऊंडवाल्याचे भोंगे असत. भोंग्यातून गाणं निघतं, ढोलकी निघते. बेसचा खर्ज निघत नाही.

ढोलकीवाले रामदासकाका म्हणायचे, "तू फोटोपुरता हायेस बे."

बाबा हसायचे. घरी आल्यावर हसायचे नाहीत.

मग कळलं की अमरावतीचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडलाय आणि मालक सामान विकायला काढतोय. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. लग्नं होत होती, पण ऑर्केस्ट्रा कोणी सांगत नव्हतं.

बाबा आणि रामदासकाका एसटीनं गेले. मी बी.ए.ला होते, कॉलेजला सुट्टी होती. मीही गेले.

गोदामात तो ॲम्प होता. विलायती. समोरचं कापड उसवलेलं. आत पुढचा भाग जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, मागचा ट्रान्झिस्टरचा. असल्या मशीनला हायब्रिड म्हणतात. आमच्याकडे तोवर हायब्रिड म्हणजे फक्त कापसाचं बियाणं.

मालक म्हणाला, "डेड आहे. पार्टसाठी न्या. भंगाराच्या भावात देतो."

त्यानं बटण दाबलं, गिटारची तार ओढली. आवाज नाही. लगेच बटण बंद.

"पाहा. वर्षभर असंच आहे. वाजवणारा सोडून गेला, आन् हा बी गेला."

बाबा वाकून मागच्या जाळीतून पाहत होते. तरुणपणी ते रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होते. व्हॉल्व्हला तापायला वेळ लागतो, अर्धा मिनिट तरी. ट्रान्झिस्टरची सवय झालेला माणूस तेवढा थांबत नाही.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. बाबांचा चेहरा मात्र वाचता यायचा. त्यांना कळलं होतं की ते मशीन जिवंत आहे.

गप्प राहिले असते तर तासाभरात ॲम्प एसटीच्या टपावर असता.

"मालक, परत लावा," बाबा म्हणाले. "आन् आता बंद नका करू."

"कायले?"

"लावा तर खरं."

चौघं उभे राहिलो. काचेत नारिंगी ठिपका उमटला. बाबांनी तार छेडली.

गोदामाचा पत्रा थरथरला.

मालकानं ॲम्पवरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाला, "आता हा भंगारात देता येत नाही. राहू द्या."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

परतीची एसटी नेरला थांबली. रामदासकाका चहा प्यायले आणि सुरू झाले.

"काहून सांगतलं बे? घरी आनून लावला असता."

"त्याले माहीत नव्हतं."

"म्हनूनच तं."

"मंग त्याच्यावर भीमगीत कसं वाजवू? सांग तू मले."

यवतमाळ स्टँडवर उतरताना रामदासकाका म्हणाले, "तू गिटार विक आन् टाळ घे. तो तरी आयकू येते."

दिवाळीनंतर शेजारच्यांच्या फोनवर मालकाचा निरोप आला. गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

"न्यायचा तर न्या. पण भाव चालूचा लागेल."

बाबांनी घासाघीस केली नाही. स्कूटर विकली. ज्या हिवाळ्यात जिनिंग आठवड्यातून तीनच दिवस चाललं, त्याच हिवाळ्यात.

खोकं घरापुढं उतरलं तेव्हा आई दारात उभी होती.

"गाडी कुठी हाय?"

"विकली."

"आन् हे काय? थंडीत कूलर आनला?"

बाबांनी सांगितलं. आईनं खोक्याला एक चक्कर मारली.

"याच्यावर गाद्या ठेवता येतीन काय?"

"नाई."

त्यानंतर कैक वर्षं बाबा सायकलनं लोहाऱ्याला गेले. जादाचा व्हॉल्व्ह ते स्टीलच्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवायचे. कार्यक्रमाला पोचलं की माइक लागायच्या आधी ॲम्प लावायचे आणि त्याच्याजवळ उभे राहायचे. निवेदक माइकवरून सांगायचा, "मंडळी, जरा दम धरा, आमच्या फिटरसाहेबांचं इंजिन गरम हून राह्यलं." लोक हसायचे. बाबा जागचे हलायचे नाहीत.

पण मला सांगायचाय तो पहिला कार्यक्रम. बोरी अरबला, जयंतीचा.

मी बायकांमध्ये बसले होते. गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला माझ्या शेजारच्या आजीनं छातीवर हात ठेवला.

"बाई, मले इथी काहीतरी वाजून राह्यलं."

"बेस गिटार आहे, आजी."

"कोन वाजवून राह्यलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मी स्टेजच्या मागच्या कोपऱ्यातला माणूस दाखवला. "माहे बाबा."

तिनं पदर सावरला, नीट मांडी घातली आणि गाणं संपेपर्यंत गायकाकडे एकदाही पाहिलं नाही.

परवापासून सगळे 'भावपूर्ण आदरांजली' लिहीत आहेत. त्यांचे आभार.

माझी आदरांजली अभिमानाची आहे.

जय भीम, बाबा.