कान नसलेली बंदूक

माझ्या पणजोबांनी घडवलेली बंदूक परकीयांवर गरजली, असं मी पत्रकात छापून टाकलं होतं. बंदूक पाहिली नव्हती. घरात बोललं जायचं, तेवढ्यावर. गोवा तेव्हा फिरंग्यांकडेच होता, आम्ही सत्याग्रहासाठी माणसं गोळा करत होतो, आणि लोक थंड. कुडाळच्या बाजारातल्या सभेत एकजण उठून म्हणाला, "खंय आसा ती बंदूक? हाड, बघूया." मी भडकलो. पुढच्या बाजाराला आणतो, म्हणालो.

सायकल हाणत गावोगाव विचारलं. शेवटी वालावलला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी ती सापडली. ठासणीची, लांब नळीची. दस्त्याजवळ आमच्या ऐरणीवर आहे तीच वाकडी रेघ, पणजोबांची खूण. दसऱ्याला पूजा होते म्हणून तेल लावून पुसलेली.

"कधी वाजली ही?"

"वाजतली कशी? कान खंय आसा तिका?"

बत्ती आत पोचायला नळीच्या मुळाशी बारीक भोक लागतं, तो कान. तिथे सपाट लोखंड होतं. म्हणजे ही जन्मात उडालीच नव्हती, आणि माझी पत्रकं भिंतीभिंतीवर.

"मगे पूजा कित्याक करतास?"

"पूजेक कान लागना नाय रे. तुज्या भाषणाक लागता. घेवन जा, पण दसऱ्याआदी परत हाडून दी."

घरी बाबा भात्याशी होते. लोहारकाम तेव्हा त्यांच्यापाशीच उरलं होतं. बंदूक त्यांनी बराच वेळ उलटसुलट केली.

"कान शेवटी पाडीत," ते म्हणाले. "घेणाऱ्यान ऐरणीसमोर बसान सांगूचा, कोणावर चालवतलो. डुकरावर, वाघावर, चोरावर. ता पटला, तरच कान."

"म्हणजे पणजोबांनी नाकारल्यानी!" मला मथळाच सुचला.

"कोणाक? सायबाच्या माणसाक, की सायबावर उठलेल्याक? की घेणारो सांगूक इलोच नाय? माका काय म्हायत."

मला संताप आला. कोणाचा, ते कळेना. एवढी नळी घडवायची, ती मुकी ठेवायची, आणि कारण पोटच्या पोरांनाही सांगायचं नाही, ही कसली रीत?

"बाबा, तुमी पाडा कान. परवा बाजार."

बाबांनी खुंटीवरचा भोक पाडायचा सामता काढला, टोक नळीला टेकवलं आणि थांबले.

"सांग. कोणावर?"

फिरंग्यांवर, असं तोंडात आलं होतं. पण हात न उगारण्याची शपथ मीच घेतली होती, इतरांनाही दिली होती. त्याच पत्रकाच्या पाठीमागे ती छापलेली. मग ही मी कशाला नेत होतो?

"नुसती दाखवूक," मी म्हणालो.

"दाखवूक कान कित्याक?" सामता परत खुंटीला गेला.

बाजाराच्या दिवशी बंदूक तशीच नेली. ही कधी उडाली नाही, मी छापलं ते खोटं, असं सरळ सांगितलं. मागच्या बाजारातलाच माणूस पुन्हा उठला. "मगे हाडलंस कित्याक रे?"

"तुमी मागितलास म्हणान."

लोक हसले. दोघांनी मात्र नावं दिली. का, ते मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी उरलेल्या पत्रकांतलं 'गरजली' खोडत बसलो. त्या जागी काय लिहावं, सुचेना. पणजोबा कोणाच्या बाजूचे होते, हे मला आजही सांगता येत नाही. बंदूक दसऱ्याआधी वालावलला पोचवली.