निळा पडलेला लाल कोबी

एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या घरी पोतंभर लाल कोबी आला. नवऱ्याचा चुलतभाऊ कार्ल्याजवळ शेडनेटमध्ये हा कोबी लावतो आणि लोणावळ्यातल्या हॉटेलांना देतो. त्या आठवड्यात एका हॉटेलाचं स्वयंपाकघर दुरुस्तीसाठी बंद झालं आणि तोडलेला माल त्याच्या अंगावर पडला. तळेगावात आमच्या सोसायटीच्या गेटपाशी त्याने टेम्पो उभा केला, पोतं उतरवलं आणि म्हणाला, "वहिनी, सॅलड करा, काय पण करा." चहालासुद्धा थांबला नाही. मागाहून कळलं की त्याच्या घरचे चार दिवस रोज तेच खात होते आणि त्याला कुणी तो घरात आणू देत नव्हतं.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांनी सारा जन्म भातशेती केली, आता दोन वर्षं आमच्याकडे राहतात. मार्चमध्ये डॉक्टरांनी त्यांचे उरलेसुरले सात दात काढले आणि सांगितलं, हिरड्या भरून आल्या की कवळी बसवू, दोनेक महिने लागतील. त्या दिवसापासून आबा आपलं ताट उचलून खोलीत जायला लागले. "तुमी बसा, मी हितंच खातो," एवढंच म्हणायचे. दुखत असेल, असं आम्हाला वाटलं.

एकदा मी पाणी द्यायला आत गेले. आबा दुधात भिजवलेली भाकरी बोटांनी कुस्करत होते आणि दुसरा हात तोंडावर धरून चावत होते. मला बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तांब्या ठेवला आणि बाहेर आले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "राहू दे, कवळी आली की येतील बाहेर." त्याचं बरोबर असेल, पण मला काही ते बरं वाटेना. आयुष्यभर पंगतीत मधोमध बसून मोठ्या आवाजात बोलणारा माणूस होता तो.

अशा घरात कच्च्या कोबीचं सॅलड कोण खाणार. मी नेहमीसारखी हरभऱ्याची डाळ घालून भाजी केली. आबांच्या ताटातली डाळ संपली, कोबी तसाच परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग दोन गड्डे घेऊन मी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींकडे गेले. कुणाला तरी द्यायचे म्हणून.

या मावशींनी तीस वर्षं लोणावळ्यात एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर स्वयंपाक केला. आता मुलाकडे राहतात. मुलगा कंपनीत शिफ्टला जातो, सूनही नोकरी करते, म्हणून दुपारी दार उघडं ठेवून बसतात, कुणी बोलायला येईल या आशेने. त्यांनी गड्डा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "कित्येक वर्षांनी बघतेय गं हा. बंगल्यात दर थंडीत ह्याची भाजी व्हायची, सफरचंद घालून. बाईसाहेबांच्या आईला दात न्हवते, तिला लय आवडायची."

शेवटचं वाक्य ऐकून मी दारातच बसले आणि कृती विचारून घेतली. कोबी बारीक चिरायचा. लोण्यावर कांदा परतायचा, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा. मग कोबी, सफरचंदाच्या फोडी, साखर, मीठ, थोडं व्हिनेगर. वर झाकण. "आणि दोन तास हात लावायचा न्हाई. गॅस वाढवायचा न्हाई. तुमाला घाई असती, तीच नडती," असं मावशींनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा आटोपून मी आले आणि कामाला लागले. मी सातवी-आठवीला गणित शिकवते, त्यामुळे प्रमाणावर माझा भरवसा. कोबी चिरताना बोटं जांभळी झाली, ओटा जांभळा झाला. व्हिनेगर घरात नव्हतं, म्हटलं नंतर लिंबू पिळू. जाड बुडाच्या पातेल्यात सगळं घातलं आणि वास सुटला तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं. सफरचंद आणि लवंग एकत्र शिजताना इतका छान वास येतो हे मला माहीत नव्हतं.

तासाभराने झाकण काढून चाखलं. सफरचंद विरघळलं होतं, पण कोबी अजून दाताखाली कचकच लागत होता. माझ्या दाताखाली, आबांना तर दातच नाहीत. मला राहवलं नाही. हरभरे शिजवताना घालतो तसा मी चिमूटभर खायचा सोडा घातला. मग वाटलं कोबी फार आहे, म्हणून आणखी अर्धी चिमूट.

दहा मिनिटांनी झाकण उचललं तर आत निळी भाजी. शाईची दौत सांडावी तशी निळी. कडेने तर हिरवट झाक. मी गॅस बंद करून नुसती बघत राहिले.

नेमक्या त्याच वेळी मावशी वर आल्या. भाजी कशी होतेय ते बघायला. त्यांनी पातेल्यात डोकावलं.

"सोडा घातलास?"

"नाही मावशी." चाळीस मुलांना खोटं बोलू नका सांगणारी मी, पटकन बोलून गेले.

"बरं," मावशी म्हणाल्या. "आंबट काय हाय घरात?"

लिंबू शोधलं तर फ्रिजच्या दारात एक अर्धं, वाळून लाकूड झालेलं. चिंचेचा डबा रिकामा. मग मला गॅलरीतली करवंदं आठवली. आदल्या दिवशी आबांच्या एका मित्राने गावाकडून हिरव्या करवंदांची पाटी पाठवली होती. लोणच्यासाठी होती ती, आणि आबांनी कुणी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. मी तसं म्हटल्यावर मावशी सरळ आबांच्या खोलीच्या दाराशी गेल्या.

"आबा, तुमची मूठभर करवंदं घेऊ का?"

उपरण्याचा पदर तोंडावर धरून आबा दारात आले. "कशाला?"

"सुनंचा कोबी निळा पडलाय."

आबांनी उपरण्याआडून माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे. कुतूहल जास्त ठरलं. पाटी घेऊन तेच आमच्या मागून ओट्यापाशी आले.

मावशींनी करवंदं धुऊन खलबत्त्यात ठेचली आणि चिकासकट पातेल्यात टाकली. भाजी फसफसली. वर फेस आला, आणि जिथे जिथे करवंद पडलं तिथून रंग पालटत गेला, निळ्याचा जांभळा, जांभळ्याचा कोकमासारखा लालसर. मी ढवळत होते, आबा वाकून बघत होते.

"आयला, हे काय झालं?" आबा म्हणाले. उपरणं हातातून सुटलं होतं आणि त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. "अजून दोन टाक. त्या कोपऱ्यात निळं ऱ्हायलंय."

"सोड्याचं असंच असतं," मावशी पातेल्याकडे बघत म्हणाल्या. "आंबट घातलं की उतरतं."

मी म्हटलं, "मावशी, दीड चिमूट घातला होता."

"ठाव हाय. पयल्या खेपेला म्या चमचाभर घातला हुता. पाव्हणे बसलेले टेबलावर." आणि त्या हसायला लागल्या.

आणखी अर्धा तास भाजी मंद गॅसवर ठेवली, थोडा गूळ घातला. तोवर मी इंद्रायणीचा भात लावला. ताटं वाढली आणि मावशींनाही बसवलं. आबांनी आपलं ताट उचललं आणि निघाले.

"कुटं चाललात?" मावशींनी विचारलं.

"खोलीत." आबा थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला नीट खाता येत न्हाई. समोरच्याला बघून कसं तरी होतं."

महिनाभरात ते पहिल्यांदाच हे बोलले होते. मावशींनी पदराआड तोंड नेलं, आपली वरची कवळी काढली आणि शेजारच्या रिकाम्या वाटीत ठेवली. त्यांना कवळी आहे हे तीन वर्षांत मला ठाऊक नव्हतं. बोलल्या तेव्हा शब्द जरा फुसफुसत आले.

"बसा आता. आपून दोघं सारखेच."

आबा क्षणभर त्या वाटीकडे बघत राहिले. मग ताट टेबलावर ठेवून बसले. चिकट मऊ भात आणि ती भाजी त्यांनी कालवली, पहिला घास घेतला, आणि तोंडावर हात नेला नाही. मी मुद्दाम तिकडे न बघता कोशिंबिरीत मीठ घालत बसले, आणि आधी घातलेलं असून मीठ दुसऱ्यांदा पडलं.

"गोड हाय," आबा म्हणाले. थोड्या वेळाने, "आंबट बी हाय." मग ताट पुढे केलं. "वाढ अजून."

दोघं हळूहळू जेवत होते आणि बोलत होते. मावशी सांगत होत्या, कवळी घट्ट बसवून घ्या, माझी पहिली ढिली होती, एका लग्नात जिलबीत अडकून बाहेर आली. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा दोघं अजून टेबलापाशीच होते आणि चहात खारी बुडवत होते. तो दारात चपला काढता काढता थबकला, मग खुर्ची ओढून बसला.

त्यानंतर आबा खोलीत जेवले नाहीत. जूनमध्ये कवळी आली, आठवडाभर टोचली, मग बसली. तोपर्यंत मी ती भाजी पाच-सहा वेळा केली असेल. सोडा नाही, पूर्ण दोन तास, गॅस बारीक. करवंदं संपल्यावर कैरी घातली, तीही जमली. नासपती घातली ती वाया गेली, नुसता लगदा झाला. आता मावशी म्हणतात पेरू घालून बघ. आबा म्हणतात, नको, बिया कवळीत जातात.