गाडी आज वाजली नाही

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी ही बाई मुळातच भित्री. पाल चुकचुकली तरी ही दचकणार. नाना, म्हणजे तिचे वडील, लहानपणापासून तिला भागूबाई म्हणत, आणि पन्नाशीला टेकली तरी त्या नावातून तिची सुटका झाली नव्हती. आई गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. त्यात अलीकडे नानांचं डोकं दगा द्यायला लागलेलं. चष्मा फ्रिजमध्ये ठेवायचे आणि घरभर शोधत बसायचे. गाडी चालवू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा तिने मन घट्ट करून किल्ली आणि रिमोट आपल्याकडे घेतला. दुसरा रिमोट कुठाय म्हणून विचारलं, तर नाना म्हणाले, हरवला. कुठे ते काही सांगता येईना.

तिनेही विषय सोडून दिला. पण हल्ली एक भलतंच सुरू झालं होतं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात असली की अंगणातली गाडी आपोआप वाजायची. कुक-कुक. दोनदा वाजली म्हणजे दारं उघडली. ही घाईने गॅस बंद करायची. धीर गोळा करून खिडकीशी जाईपर्यंत पुन्हा एकदा कुक, म्हणजे कुलूप लागलं. बाहेर बघावं तर चिटपाखरू नाही. असलेच तर फिरून आलेले नाना, फाटक लावत असलेले. कुणी दिसलं का विचारलं की नुसती मान हलवायचे आणि चपला सरळ करत बसायचे.

झालं! हिच्या मनाने घेतलं की हरवलेला रिमोट कुणा भामट्याच्या हाती लागलाय. आज गाडी उघडतोय, उद्या घरात शिरेल, आणि ही कामावर गेली की घरात नाना एकटे. दरडावून विचारलं तर कपाटाची किल्लीही स्वतःच काढून देतील बिचारे. तिची झोप उडाली. दाराला आतून खुर्ची लावून ती पडायची आणि छताकडे बघत राहायची. आता मला सांगा, गाडी उघडून, काही न नेता, वर कुलूप लावून जाणारा चोर कुणी पाहिलाय? पण भीती मानगुटीवर बसली की माणसाला एवढं साधं कुठलं सुचायला!

सुटीच्या दिवशी तिने अलार्मवाल्याला फोन लावला. अलार्म गाडीबरोबर आलेला नव्हता, नानांनी मागाहून त्याच्याकडून बसवून घेतलेला. त्याने फोनवरच सगळं समजावलं. म्हणाला, अलार्मच्या डोक्यात चार खोल्या असतात. रिमोट शिकवला की तो एका खोलीत राहायला येतो, आणि सगळ्या खोल्या भरल्याशिवाय जुना भाडेकरू काही हलत नाही.

"तुमचाच रिमोट चारदा शिकवा ताई. चारी खोल्यांत तुम्ही, म्हणजे तो आपोआप रस्त्यावर."

ती गाडीत बसली. स्टिअरिंगखाली हात घालून, वायरींमधून चाचपत त्याने सांगितलेलं चोरबटण शोधलं. किल्ली फिरवायची, बटण दाबून धरायचं, गाडी वाजली की लगेच रिमोट दाबायचा. जरा उशीर झाला की मुसळ केरात. पहिल्या खेपेला घाईघाईत रिमोट सीटखाली गेला. नाना खिडकीशी येऊन काय चाललंय म्हणाले. चोराचा बंदोबस्त करतेय, असं तिने सांगितलं. कर कर, म्हणाले, आणि खिशात हात घालून आत गेले. तिने न चुकता चार वेळा रिमोट शिकवला. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

संध्याकाळी गाडी वाजली नाही. तिने कान देऊन ऐकलं, हसली, चहा टाकला. चहा उकळून उकळून कडू झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं, नाना अजून आलेले नाहीत.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने त्यांना पाहिलं होतं. नाना रोज इथे थांबतात, तो म्हणाला. सगळ्या गल्ल्या त्यांना सारख्याच दिसतात, म्हणून खिशातला रिमोट दाबतात आणि गाडी वाजली की त्या बाजूला चालू लागतात. आज कितीतरी वेळ दाबत उभे होते. तो गिऱ्हाइकात गुंतला, आणि ते मोठ्या रस्त्याकडे निघून गेले.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

घरातून तिने चोर हाकलला नव्हता, बाप हाकलला होता. मोठ्या रस्त्यावर ट्रक धडधडत होते, आणि एखादा करकचून ब्रेक लागला की ती वळून बघत होती. हाका मारून काय उपयोग? तिने घरी धाव घेतली आणि गाडी काढली. चालू इंजिनात रिमोट काम करत नाही, म्हणून प्रत्येक वळणावर थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि रिमोट दाबदाबून गाडी वाजवायची, कुक-कुक. लोक खिडक्यांतून शिव्या घालत होते. चमचा पडला तरी माफी मागणारी ही बाई, तिने कुणाकडे ढुंकून पाहिलं नाही. देवा, नाना मिळू देत, एवढंच तोंडात.

मोठ्या रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर एक म्हातारा माणूस ती कुक-कुक ऐकून उठला. डावी-उजवीकडे न बघता तो सरळ गाडीकडे चालत आला. एक टेम्पो त्याला चाटून गेला. नानांनी बॉनेटवर हात टेकला तेव्हा कुठे ती बाहेर उतरली आणि त्यांचा दंड घट्ट धरला. रस्त्याच्या दिव्याचा उजेड थेट तिच्या तोंडावर होता. नानांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मूठ उघडून रिमोट दाखवला.

"बरं झालं बाई, तुम्ही वाजवलंत. याचा सेल गेलाय बहुतेक." मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्या मुलीला मात्र सांगू नका हं. फार घाबरते ती."

"नाही सांगत," ती म्हणाली, आणि तिने त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडलं.