मीनाक्षी, वय एकोणीस

माझ्या साडूंइतका लेकीच्या मागे मागे फिरणारा बाप अख्ख्या तंजावुरात दुसरा नसेल, आणि तेसुद्धा राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आपल्या झोपाळ्यावर बसून. जानकी कोइंबतूरला इंजिनिअरिंगला गेल्यापासून त्यांचा देह इथे आणि जीव तिथे असतो. फोनवर ते रोज कोइंबतूरचं हवामान बघतात. तिथे पाऊस दिसला की इथल्या रणरणत्या उन्हात छत्री घेऊन ऑफिसला निघतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ती घेत नाही. निदान मी तरी घेतो." तिची परीक्षा असली की हेही तीन तास जागचे हलत नाहीत. मात्र लेकीशी प्रत्यक्ष बोलायची वेळ आली की घसा खाकरून फक्त मार्क विचारतात. बाकी काही विचारायची त्यांना लाज वाटते.

जानकीने फोटो टाकायच्या आपल्या पानावर बापाला घेतलं नाही, तेव्हा हा माणूस खचला. दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. इथे मला कबूल केलं पाहिजे, की त्यांना खोट्या नावाचं खातं मीच उघडून दिलं. "मीनाक्षी, वय एकोणीस, चित्रकलेची आवड," असं ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेलो. फोटोच्या जागी मोगऱ्याचा गजरा लावला. जानकीने मीनाक्षीला त्याच दिवशी मैत्रीण करून घेतलं.

आमची घरची भाषा मराठी, पण शाळा तमिळ. देवनागरी मी मोठेपणी शिकलो, साडू अजून तिच्या वाटेला गेलेले नाहीत. त्यामुळे एकोणीस वर्षांची मीनाक्षी तमिळ अक्षरांत आमची जुनी तंजावरी मराठी लिहू लागली. "जेविलीस का?" "अनवाणी हिंडू नको." "केसांस तेल लाव." साडू खुशीत होते, मी मात्र आतून पोखरला जात होतो. पोरीला कधीतरी कळणार, मग ती बापावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही, आणि हे पाप माझ्या बोटांनी झालेलं.

एका संध्याकाळी साडू फोन घेऊन आले. जानकीने मीनाक्षीला लिहिलं होतं, एका विषयात नापास झाले, अप्पांना कसं सांगू? मला वाटलं, आता हे स्वतःच्या नावाने तिला झापणार. ते तासभर माझ्या ओट्यावर बसले आणि मग लिहिलं, "माझे अप्पा दोनदा नापास झाले होते. कोणास सांगितलं नाही. तू सांग, तुझे अप्पा रागावणार नाहीत."

"खरं का हो?" मी विचारलं.

"गणितात," ते दुसरीकडे बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जानकीने बापाला फोन करून सगळं सांगितलं, आणि बाप रागावला नाही. पण माझा अपराध त्याने हलका होईना. पुढच्या महिन्यात एका लग्नासाठी कोइंबतूरला गेलो, तेव्हा तिला कॉलेजच्या कँटीनमध्ये गाठलं आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

ती शांतपणे डोसा तोडत राहिली. "काका, तमिळ अक्षरांत मराठी लिहून तेल लाव म्हणणारी एकोणीस वर्षांची मुलगी जगात असेल का? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"अप्पा मार्क विचारतात. मीनाक्षी जेवण विचारते. माझं काही चुकलं तर तीच ऐकून घेते. तुम्ही त्यांना सांगू नका, नाहीतर ती लिहायची बंद होईल."

मी कबूल झालो. आता माझ्याजवळ दोघांचंही गुपित आहे, आणि त्याचं ओझं मात्र वाटत नाही.

परतीच्या बसमध्ये मला माझा मुलगा आठवला. तो चेन्नईला शिकतो. मी रोज लिहितो, "अभ्यास?" तो अंगठा पाठवतो. त्या दिवशी मी लिहिलं, "आज काय खाल्लंस?"

बस तिरुचीला थांबली तेव्हा उत्तर आलं, "अप्पा, काय झालं? तब्येत बरी आहे ना?"