गेम न खेळणारा प्रोसेसर

पंधरा दिवसांपूर्वीच्या शुक्रवारी दुपारच्या बोटीने मुंबईहून मांडव्याला येत होतो. मांडीवर एक मोठा खोका आणि चेहऱ्यावर गड जिंकून परतणाऱ्याचा भाव... शेजारच्या बाईंनी आदराने विचारलं, आत मूर्ती आहे का.

खोक्यात माझ्या मुलीच्या, मुग्धाच्या, कॉम्प्युटरचे सुटे भाग होते. न्हावा शेव्याच्या एका कंपनीचं कंटेनरच्या कागदपत्रांचं काम तिला मिळालं होतं, घरून करायचं. अट एकच... सोमवारी सकाळी स्वतःचा कॉम्प्युटर चालू हवा.

नवा लॅपटॉप आमच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून तिने महिनाभर व्हिडिओ बघून वहीत यादी केली. कोणता बोर्ड, कोणती रॅम, कोणता कॅबिनेट. प्रोसेसरची तीन नावं खोडून चौथं लिहिलं होतं आणि त्याखाली दोन ठसठशीत रेघा. एवढा अभ्यास तिने कधी माझ्या विषयाचा केला असता तर... असो.

ऐन वेळी तिला ताप भरला, म्हणून यादी घेऊन मी गेलो. मी शाळेत संस्कृत शिकवतो. बाजारात कसं वागावं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, हाच प्रोसेसर दीड हजारांनी स्वस्तात आहे, फक्त यात ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लावणार असाल तर हाच घ्या. मला त्यातलं 'स्वस्त' आणि 'ग्राफिक्स नाही' एवढंच ऐकू आलं. ग्राफिक्स म्हणजे गेम, हे ज्ञान मला मागच्या बाकांवरून मिळालेलं.

"आमच्याकडे गेम कोणी खेळत नाही," मी अभिमानाने सांगितलं. स्वस्तही आणि सुसंस्कारितही... असा प्रोसेसर निघतो हे मला माहीतच नव्हतं.

त्याने तो बोर्डवर बसवून, वर पंखा घट्ट करून दिला. त्यामुळे खाली काय आहे ते दिसायला मार्ग नाही. बिल मी खिशातच ठेवलं. वाचवलेल्या पैशांची बातमी तिला पहिल्या पगाराच्या दिवशी द्यायची, असा बेत होता.

शनिवारी सकाळी अंगात कणकण असतानाच मुग्धाने ओटीवर चादर पसरून सगळं जोडलं. मी वाटीत स्क्रू धरून उभा. बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले... आणि स्क्रीन काळाच.

आत चैतन्य आहे, बाहेर रूप नाही. वेदान्तात ही फार वरची पायरी समजतात. स्क्रीनवर मात्र 'नो सिग्नल' असं लिहून आलं.

तिने सगळं उकललं, परत जोडलं. माझ्या टेबलावरचं खोडरबर घेऊन रॅमच्या सोनेरी पट्ट्या पुसल्या, परत जोडलं. असं चार वेळा...

शेजारचे दामू तांडेल येऊन बघून गेले. त्यांच्या बोटीवर मासळी दाखवणारं यंत्र आहे, त्यामुळे आमच्या आळीत इलेक्ट्रॉनिक्सचा शेवटचा शब्द त्यांचा. खारा वारा लागला असंल, म्हणाले. मग जाता जाता, "मास्तर, इंजिन चालू हाय, पन बोट खुंट्यालाच बांधलेली हाय."

संध्याकाळी तिला कुठल्याशा व्हिडिओत कळलं की अंगातल्या विजेने भाग जळू शकतात. तेव्हापासून ती स्वतःच्या हातांकडेच बघायला लागली.

रविवारी सकाळी तिने चहासुद्धा घेतला नाही. म्हणाली, मीच जाळलं, मला हे जमणारच नव्हतं. मी प्रयत्नाचं महत्त्व सांगणारी तीन सुभाषितं ऐकवली, अर्थासकट. तिने ऐकून घेतली... तापातला माणूस फार प्रतिकार करत नाही.

दुपारी तिने बिल मागितलं. उद्या सगळं परत करून येऊ, निदान पैसे तरी मिळतील. मी काढून दिलं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, मग वही आणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं.

"बाबा, दुकानदाराने काही सांगितलं होतं?"

"ग्राफिक्स नाही म्हणाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"आमच्याकडे गेम कोणी खेळत नाही."

मग तिने मला शांतपणे समजावलं, की स्क्रीनवर साधं एक अक्षर उमटायलाही ते ग्राफिक्स लागतं. मला वाटलं आता ओरडेल, किंवा हसेल. दोन्ही चाललं असतं.

ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं."

नव्हतं, मी म्हणालो. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांच्या चुकांखाली लाल रेघा ओढतो आहे. इथे माझी चूक माझी मुलगी दोन दिवस स्वतःच्या हातांत शोधत होती, आणि मी समोर बसून सुभाषितं म्हणत होतो...

रविवारी बाजार बंद. सोमवारी फोन केला तर वापरलेला प्रोसेसर परत घेत नाहीत. त्याच दुपारी कंपनीचा सभ्य मेसेज आला, जागा दुसऱ्यांना दिली आहे, पुढे काही असल्यास कळवू. अजून काही कळवलेलं नाही.

बुधवारी अलिबागच्या एका रिपेअरवाल्याकडून जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं. वाचवलेलं सगळं त्यात गेलं आणि वर तेवढंच आणखी. स्क्रीन उजळला. मला तो उजेड बघवेना, मी दळण आणायला निघून गेलो.

आता दामूंच्या सुनेला कॉम्प्युटर हवा आहे, आणि तिची यादी मुग्धा करते आहे. काल वही उघडी दिसली. प्रोसेसरच्या नावाखाली दोन रेघा, त्याखाली 'बदलायचा नाही, स्वस्त मिळाला तरी नाही'. आणि त्याच्याही खाली, 'बाबा जाण्याआधी त्यांना नीट समजावणे'.

म्हणजे अजून मलाच पाठवणार आहे... एवढं मला पुष्कळ आहे.