मुठीच्या आतला गंज

लवंगतेलाचा वास आला की मला सौदीतल्या जुबैलमधल्या माझ्या कफीलची, म्हणजे ज्याच्या व्हिसावर मी तिथे होतो त्या मालकाची, बैठक आठवते. त्याच्या दिवंगत वडिलांनी जपानहून आणलेली तलवार त्याने मला हेच तेल लावायला दिली, कारण इंटरनेटवरून चार शब्द पाठ करून मीच ऐट मिरवत होतो: म्यान म्हणजे साया, मुठीपुढची चकती त्सुबा, धारेजवळची लाट हामोन. मूठ काढली तर आतलं लोखंड गंजून काळं. खंडेनवमीला घरची कोयती लखलखीत करणारा मी. पॉलिश पेपरने तासभर घासलं, काही ओरखडे होते तेही घासून काढले. दुसऱ्या दिवशी, वडिलांना आयुष्यभर न कळलेलं कारागिराचं नाव वाचून घ्यायला कफीलने आमच्या प्लँटमधल्या जपानी इंजिनियरला बोलावलं. त्याने मूठ काढली आणि आतल्या चकचकीत लोखंडावरून बोट फिरवलं. "मुठीतल्या या भागाला नाकागो म्हणतात. इथला गंज कधी काढत नाहीत, त्यावरून वय कळतं. नावही इथेच कोरलेलं असतं." "म्हणजे खलास?" कफीलने विचारलं. मी माफी मागू लागलो, तर कफीलच माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "यल्ला, चल, मूठ बसव. वरून कुणाला दिसतंय?" हा किस्सा मी आजही लोकांना हसवत सांगतो, पण ती तलवार कुणी घडवली, हे आता कुणालाच कळणार नाही.